महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, घरच्या लक्ष्मीला आलू



या पानावर आम्ही दर वेळी बेण्याबद्दल, खताच्या मात्रेबद्दल, खोडव्यातल्या पाचटाबद्दल लिहितो. या अंकात विषय जरा वेगळा आहे. तुमच्या-आमच्या रोजच्या ताटाचा आहे. "ऊस विकास अधिकाऱ्याला स्वयंपाकघरात काय काम?" असे कोणी विचारील. अवश्य विचारावे. मात्र लेख शेवटपर्यंत वाचावा, आणि मग हे काम आमचे आहे की नाही ते ठरवावे.

गेल्या भाद्रपदात ऊस नोंदीच्या कामाने आम्ही एका सभासदाच्या मळ्यात गेलो होतो. घरात महालक्ष्म्या बसलेल्या. जेवल्याशिवाय कोण सोडतो? आपल्याकडे या दिवशी पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य असतो हे सांगायला नको. पान भरून आले. आम्ही सहज म्हणालो, "आजी, सगळ्या भाज्या घरच्या वावरातल्या का हो?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "कुठच्या सायेब! छपरावरचं कोहळं अन् परसातली मिरची, एवढंच घरचं. बाकी सोळा भाज्यांचा वाटा बाजारातून आणला. आमच्या सासूच्या येळेस धुऱ्याधुऱ्यानं एक फेरी मारली की ओटी भरून भाज्या येत. आता धुऱ्याला बी ऊस अन् वावरात बी ऊस. देवीला आजच्या दिस सोळा भाज्या, अन् उद्यापासून सुनेला आलू!"

सर्व मंडळी हसली. आम्हीही हसलो. पण घास काही नीट उतरेना. कारण धुऱ्यापर्यंत ऊस लावायचा सल्ला त्या घराला आम्हीच दिलेला होता.

हे कसे झाले?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली जुनी कोरडवाहू शेती आठवा. ज्वारीत मूग किंवा उडीद, कपाशीत तुरीची तासे, कडेने अंबाडी, मध्येच चवळीचे चार वेल, कुठे तीळ, कुठे वाळकाचे बी टाकलेले. रब्बीत हरभरा, करडई, जवस. उत्पन्न थोडे होते, पाऊस फिरला की तेही जायचे. त्या शेतीचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण तिच्यात एक गोष्ट होती. घरात पैसा नसला तरी मडक्यागाडग्यांत दहा-बारा प्रकारचे धान्य-कडधान्य असायचे, आणि भाजीसाठी पिशवी घेऊन बाजाराची वाट पाहावी लागत नसे.

पुढे सोयाबीन आले. ज्वारी, मूग, उडीद मागे हटले. जेथे विहिरीला पाणी लागले, खडकपूर्णा, पेनटाकळी, नळगंगा अशा प्रकल्पांचे पाणी आले, तेथे ऊस उभा राहिला. उसाने घरे बांधली, मुले शिकवली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ऊस वाईट नाही. पण तुरीचे वावर मोडले म्हणजे डाळ दुकानातून येते, आणि धुरा मोडला म्हणजे भाजीही दुकानातून येते. दुकानातून रोज येऊ शकते ती टिकाऊ भाजी. अशा तऱ्हेने आलू घरात शिरला आणि बसला.

आमचा दोषही येथेच सांगून टाकतो. 'एक सरीसुद्धा रिकामी ठेवू नका' असे आम्ही चर्चासत्रांतून सांगत आलो. 'तणनाशक वेळेवर मारा' असेही सांगितले. ते चुकीचे होते असे नव्हे. परंतु त्या 'तणा'त घोळ होती, चिवळ होती, तांदुळजा होता, हे आमच्या पदविकेच्या पुस्तकात तणांच्या यादीत होते, भाज्यांच्या यादीत नव्हते. आजींच्या यादीत मात्र ते भाजी म्हणूनच होते.

आम्ही आपल्याच घरी मोजले

त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही एक प्रयोग केला. भिंतीवरच्या कॅलेंडरावर आठवडाभर दोन्ही वेळचा स्वयंपाक लिहून ठेवला. एकूण चौदा जेवणे. त्यांत आलू पाच वेळा, बेसन तीन वेळा, वांगे दोन वेळा, कोबी दोन वेळा, शेवभाजी एकदा. पालेभाजी म्हणाल तर एकदा मेथी. वरण रोज, तेही तुरीचेच. पोळी रोज, भाकरी दोनदा. आमच्या मंडळींना यादी दाखवली तर त्या म्हणाल्या, "तुम्ही पिशवीत जे आणता तेच मी शिजवते. पिशवीत आलूच असतील तर कढईत काय करवंदं निघतील?"

उत्तर चोख होते. ताटातला पालट स्वयंपाकघरात नव्हे, धुऱ्यावर सुरू होतो. हीच या लेखाची एकमेव गोष्ट आहे. बाकी सर्व तपशील.

नुसत्या चवीचा प्रश्न नव्हे

रोज तेच खाऊन कंटाळा येतो हे खरेच, पण कंटाळ्यावर कोणी लेख लिहीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे मधल्या काळात रस्ते झाले, घरोघर गॅस आला, आणि घरातल्या बाईचे रक्त मात्र कमी झाले. रक्त कमी होण्याची कारणे अनेक आहेत, पण रोजचे एकसुरी जेवण हे त्यांतले मोठे आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मोठ्या माणसासाठी दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या, त्यांत पालेभाज्याही, आणि सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा त्याऐवजी अंडी-मांस असे प्रमाण सांगितले आहे. पाच माणसांच्या घराला हिशेब केला तर रोज दोन किलो भाजी झाली. ही बाजारातून आणायची म्हटले तर उसाचे पहिले बिल भाजीवालाच घेऊन जाईल. म्हणून ती पिकवायची.

दोन-तीन गोष्टी शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. जमिनीला नुसता युरिया दिला तर ऊस हिरवा दिसतो पण पोसत नाही. स्फुरद, पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्ये लागतात. शरीराचेही तसेच. ज्वारी-गव्हात प्रथिनांचा जो भाग कमी असतो तो डाळीत असतो, आणि डाळीत जो कमी तो धान्यात असतो. म्हणून भाकरी आणि डाळ जोडीने खायची. पालेभाजी व कडधान्यातले लोह अंगी लागायला आंबट लागते. लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो, आवळा यांपैकी काहीतरी ताटात हवेच. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते लोह अंगी लागत नाही. साखर कारखान्याच्या पत्रिकेत चहाविरुद्ध लिहिणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, पण चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा, एवढे सांगणे भाग आहे.

आणखी एक, जे सहसा कोणी लिहीत नाही. घरातली बाई सर्वांत शेवटी जेवते. भाजी थोडी असली की तिच्या वाट्याला भाकरी आणि ठेचा राहतो. म्हणून नुसते प्रकार वाढवून भागणार नाही. भाजी शेवटच्या पानापर्यंत पुरली पाहिजे.

वस्तू एक, प्रकार अनेक

पाककृतीची पुस्तके चांगलीच असतात. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि मराठी घराघरांत गेले. पण आपल्या वऱ्हाडी घराला पालट करायला नवे पुस्तक लागत नाही. आपण विसरलेले आठवले तरी पुरे आहे.

ज्वारी घ्या. भाकरीखेरीज ज्वारीच्या कण्या, आंबील, धपाटे, ज्वारीच्या पिठाची उकरपेंडी, हिवाळ्यात हुरडा. अंबाडीच्या भाजीत मूठभर कण्या टाकल्या की भाजीला अंग येते. शेगावच्या गजानन महाराजांच्या नैवेद्याला घरोघर पिठले-भाकरीबरोबर अंबाडीची भाजी करतात, ती श्रद्धा आहेच. पण एरवीच्या दिवशी ती भाजी करायला कोणाची बंदी आहे? मलकापूर-नांदुऱ्याकडे खानदेशाचा शेजार, म्हणून तिकडे ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी होते. भाकरी आणि डाळ एकाच तव्यावर! संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. साऱ्या जगाने ज्वारी-बाजरीचे गुण गायिले, आणि आपण मात्र ज्वारी पाहुण्यांपुढे ठेवायला लाजतो.

हरभऱ्याचे पाहा. कोवळा शेंडा खुडला की भाजी. तीच वाळवून ठेवली की उन्हाळ्यात पातळ भाजी. दाणा भरला की सोल्यांची आमटी. वाळला की घुगऱ्या. डाळ भरडली की पाटवडीचा रस्सा, डुबुकवड्या, गोळ्याची कढी. शिवाय शेंडा खुडल्याने झाडाला फांद्या फुटतात, म्हणजे पिकाचाही फायदाच. तुरीचे तसेच. हिवाळ्यात तुरीचे हिरवे सोले आणि वांगे यांच्यापुढे कोणती हॉटेलची भाजी टिकते? मूग-मटकीला मोड आणले की कच्ची कोशिंबीर, उसळ, आणि मोडामुळे त्यांत जीवनसत्त्व 'क'ही वाढते. जवस, तीळ, कारळे यांच्या चटण्या बरणीत असल्या म्हणजे भाजी नसलेल्या दिवशीही ताट ओकेबोके दिसत नाही.

उसाच्या पहिल्या शंभर दिवसांत

आता आमच्या खात्याचा विषय. ऊस लावल्यापासून तीन-साडेतीन महिने सऱ्यांमधली जागा मोकळीच असते. ऊन पडते, पाणी मिळते, आणि आपण तेथे तण वाढवून मग मजुरी देऊन काढतो. याच जागेत घराची भाजी आणि डाळ निघते. साडेचार-पाच फुटांची सरी किंवा जोडओळ पट्टा असेल तर उत्तमच.

आडसाली उसात चवळी, उडीद, भुईमूग. पूर्वहंगामी उसात मेथी, कोथिंबीर, कांदा, लसूण, हरभरा, वाटाणा, कोबी. सुरू उसात भेंडी, काकडी, चवळी, उन्हाळी मूग, कोथिंबीर. मेथी महिन्याभरात हाती येते, कोथिंबीर सव्वा-दीड महिन्यात, मूग दोन-सव्वादोन महिन्यांत. उसाची मोठी बांधणी होण्याआधी पीक निघालेले असते. मुगाच्या शेंगा तोडून झाल्या की वेल सरीत दाबा. मुळांवरच्या गाठींचा नत्र उसाला मिळतो. ज्वारी-मका मात्र आंतरपीक म्हणून घेऊ नका. ती उसाच्या डोक्यावर बसतात आणि त्याचेच खत खातात.

एक महत्त्वाची सूचना. ज्या सऱ्यांत भाजी किंवा कडधान्य आहे तेथे अॅट्राझीन किंवा २,४-डी मारू नये. २,४-डी हे रुंद पानाच्या झाडांनाच मारते. मेथी, मूग, चवळी काही उरणार नाही. सगळा प्लॉट नको असेल तर विहिरीजवळच्या चार-सहा सऱ्या घरासाठी राखा. तेवढ्यापुरती खुरपणी करा. उसाच्या टनेजात त्याने फरक पडत नाही, मात्र आंतरपिकाला त्याचे वेगळे खत द्यायला विसरू नये.

एक गुंठा आणि धुरा

घराजवळ एक गुंठा, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट जागा, कुटुंबाच्या भाजीसाठी पुष्कळ झाली. तिचे सात वाफे पाडा. सर्व वाफ्यांत एकदम मेथी पेरली तर एक आठवडा मेथीच मेथी आणि पुढे शुकशुकाट. म्हणून दर आठवड्याला एक वाफा पेरायचा. एकात मेथी, पुढच्यात पालक, मग माठ, मुळा, करडईची कोवळी भाजी असे फिरते ठेवा. कडेला वांगी, टोमॅटो, मिरचीची पाच-पाच रोपे. कुंपणावर दोडका, कारले, वाल. न्हाणीचे पाणी जाते तेथे अळू आणि केळ.

धुऱ्यावर दोन शेवगे, एक हादगा, एक लिंबू, एक कढीपत्ता. शेवग्याच्या शेंगा आपण खातो आणि पाला बकरीला घालतो. तो पाला डाळीत घाला, थालीपिठात घाला. बकरी उगीच धष्टपुष्ट होत नाही. मात्र झाडे विहिरीच्या आणि शेजाऱ्याच्या बाजूला अंतर राखून लावा, नाहीतर भाजीपेक्षा भांडणच जास्त पिकेल.

बियाणे घरचे ठेवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे या शेतकरी भगिनीने गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईने वाल, वांगी, घेवड्याचे बी राखले म्हणून देशाने सत्कार केला. आपल्या आज्यांनीही राखेत घोळून, गाडग्यात भरून बी ठेवले होतेच. गाडगी गेली तसे बीही गेले. अजून ज्या घरी काटेरी वांग्याचे किंवा अंबाडीचे जुने बी असेल त्यांनी ते दोन शेजाऱ्यांना द्यावे. बी एकाच घरात ठेवले तर एका वर्षात जाते.

फुकटची भाजी

मिरगाचा पाऊस पडला की तरोटा, घोळ, चिवळ, कुंजर, तांदुळजा, पुढे सातपुड्याच्या बाजूला कर्टुली. जळगाव जामोद, संग्रामपूर भागातल्या आदिवासी भगिनींना या भाज्यांचे जेवढे ज्ञान आहे तेवढे आमच्या पदविकेत नव्हते. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो, तेथे जाऊन पाहावे, विचारावे. पण दोन पथ्ये पाळावीत. जी भाजी जाणत्या माणसाने ओळखलेली नाही ती खाऊ नये. आणि तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या वावरातली तर मुळीच खुडू नये. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी.

उन्हाळ्यात ताजी भाजी कमी पडते. त्यासाठी पूर्वी मूगवड्या, सांडगे, वाळवलेली हरभऱ्याची भाजी असे. आता वाळवण म्हणजे कुरड्या-पापड एवढेच उरले आहे. घरचा मूग निघाला की पायलीभर मुगाच्या वड्या घालून ठेवा. मे महिन्यात त्यांचा रस्सा आलूची सुटी करतो.

एक आठवडा करून पाहा

भगिनींना स्वयंपाक शिकवण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्या घरी हिवाळ्यात जे ठरवले तेवढे सांगतो.

सोमवार: ज्वारीची भाकरी, मेथी-मुगाची डाळ, मुळ्याची कोशिंबीर.
मंगळवार: पोळी, तुरीचे सोले आणि वांगे, जवसाची चटणी.
बुधवार: कळण्याची भाकरी, अंबाडी किंवा पालकाची पातळ भाजी, कांदा.
गुरुवार: भाकरी, पिठले, करडईची भाजी, लिंबू.
शुक्रवार: पोळी, मटकीची उसळ, टोमॅटोची कोशिंबीर.
शनिवार: शेवग्याच्या पाल्याची धपाटी, दही, कारळ्याची चटणी.
रविवार: आलूची भाजी! कारण मुलांनी बंड पुकारले. जे खात असतील त्यांनी अंडी.

यात एकही महाग वस्तू नाही. दर दिवशी तीन प्रश्न विचारायचे: काल हेच होते का? हिरवे काही आहे का? डाळ किंवा कडधान्य आहे का? तिन्हींची उत्तरे नीट आली की ताट पास.

पुरुषमंडळींना

हे सर्व वाचून पत्रिका घरात टाकायची आणि "बघ, साहेबांनी काय लिहिलंय" म्हणायचे, असे करू नका. सात वाफ्यांना पाणी देणे, शेवगा लावणे, चार सऱ्या राखणे, संध्याकाळी घरी येताना जुडी खुडून आणणे ही तुमची कामे. भाजी निवडायला हात लावलात तर ऊस वाळणार नाही. बाईच्या मागे आधीच गोठा, वावर, मुले आहेत. त्यात आणखी एका कामाची भर घालायची असेल तर ही योजना फसलेलीच समजा.

आमच्याकडून एवढे करू. येथून पुढे लागवडीच्या नोंदीला येऊ तेव्हा जात आणि क्षेत्राबरोबर 'घरासाठी किती सऱ्या राखल्या?' हेही तोंडी विचारू. आंतरपिकाबद्दल शंका असल्यास गटातल्या शेतकी मदतनीसाला बांधावर बोलवा. तणनाशकाचा सल्ला देताना आधी आंतरपीक आहे का ते आम्ही विचारू. ही चूक आमची होती, ती आम्हीच दुरुस्त करावी हे बरे.

त्या आजींच्या मळ्यात पुढे आम्ही पूर्वहंगामी लावणीच्या वेळी गेलो. विहिरीकडच्या सहा सऱ्यांत मेथी, कोथिंबीर आणि लसूण होता. धुऱ्यावर शेवग्याच्या दोन फांद्या रोवलेल्या. आजी म्हणाल्या, "सायेब, अजून सोळा नाही झाल्या. पाच झाल्या."

पाच झाल्या, हे काही थोडे नाही. येत्या महालक्ष्म्यांना प्रत्येक सभासदाने आपल्या पानातल्या सोळांपैकी घरच्या किती, एवढे मोजावे. आणि दुसऱ्या दिवशी, देवी उठल्यावर, घरच्या लक्ष्मीच्या पानात काय आहे तेही पाहावे. एवढीच नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते